मानपत्रात किती खरं लिहायचं?

*तालुक्याच्या गावातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ४७, बँकेत नोकरी. शाळेतले त्यांचे मराठीचे सर यंदा पंचाहत्तरी पूर्ण करताहेत. सरांनी ३१ वर्षं वक्तृत्व आणि वादविवादासाठी मुलं तयार केली. शाळेच्या कपाटातले निम्मे करंडक त्यांच्या काळातले. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सत्काराचं ठरलं आणि ‘तुझं मराठी चांगलं’ म्हणून मानपत्राचं काम या बाईंच्या गळ्यात पडलं. त्या आठवडाभर कागद समोर घेऊन बसल्या आहेत. वक्तृत्वाची भाषणं सर स्वतः लिहून द्यायचे, मुलं पाठ करायची. आठवीत पहिला नंबर मिळवून देणारं भाषण आपलं नव्हतं, हे त्यांना अजून टोचतं. वादविवादाचं भाषण मात्र सरांनी कधी लिहून दिलं नाही. ‘समोरचा काय बोलणार ते मला कुठं माहीत?’ असं म्हणायचे. दहावीत जिल्ह्याच्या वादविवादासाठी या बाईंची निवड झाली, पण मुक्काम करावा लागणार म्हणून ऐनवेळी त्यांच्या जागी एक मुलगा गेला. तो आज प्रशासकीय सेवेत मोठ्या हुद्द्यावर आहे. ग्रुपचं म्हणणं असं की, सरांबरोबर त्याचाही सत्कार करू, नाहीतर माणसं जमणार नाहीत. एका स्थानिक पुढाऱ्यांनी सभागृह आणि जेवण देऊ केलं आहे. अट एवढीच की फ्लेक्सवर त्यांचा फोटो हवा. आणि सर म्हणतात, ‘माझा सत्कार करू नका.’ वाचक विचारतात, “खोटं लिहवत नाही आणि खरं लिहिलं तर तो सत्कार कसला? काम दुसऱ्या कुणावर सोपवून मोकळी होऊ का?”*

सोपवू नका. दुसरं कुणी लिहील ते मानपत्र मला आत्ताच तोंडपाठ आहे. ‘ज्ञानमहर्षी’, ‘सरस्वतीचे वरदपुत्र’, ‘विद्यार्थ्यांचा कल्पवृक्ष’, आणि शेवटी ‘जीवेत् शरदः शतम्’. वरचं नाव खोडून गावातल्या कुठल्याही निवृत्त माणसाचं नाव घाला, मजकूर तंतोतंत बसतो. तुम्हाला लिहवत नाही, याचं कारण तुमच्या मनात कडवटपणा आहे असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं, तुमच्याकडे सरांबद्दल सांगण्यासारखं खरोखर काही आहे आणि ते या शब्दांत मावत नाही.

आधी त्या लिहून दिलेल्या भाषणाचं बघू. मी बरीच वर्षं शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते. भाषण कुणी लिहिलंय ते परीक्षकाला तिसऱ्या वाक्यालाच कळतं. पाचवीतली मुलगी ‘आजच्या या विज्ञानयुगात मानवी मूल्यांचा ऱ्हास होत असताना’ म्हणत उजवा हात वर नेते, तेव्हा त्या हातामागे गुरुजी उभे असलेले दिसतात. मीही अशा भाषणांना गुण कापले आहेत आणि पुढेही कापीन. तरी तुमच्या सरांना त्याबद्दल गुन्हेगार ठरवायला मी तयार नाही. ज्या घरात वर्तमानपत्र येत नव्हतं तिथल्या मुलीला पूर्ण, गोळीबंद मराठी वाक्य तोंडात घोळवायला कुठून मिळणार होतं? ते सरांनी दिलं. पाठांतर ही आपल्याकडे वक्तृत्वाची जुनी पायरी आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनीसुद्धा विद्यार्थिदशेत इंग्रजी उतारेच्या उतारे घोकले होते. पुढे त्यांची अंदाजपत्रकावरची भाषणं सरकारी बाकांवर कान देऊन ऐकली जायची, त्यात घोकंपट्टी शोधून सापडत नाही.

प्रश्न एवढाच की त्या पायरीवरच बसवून ठेवलं का. तुमच्या बाबतीत नाही ठेवलं, ते तुम्हीच लिहिलंय. आदल्या रात्री सर बाजू बदलायला लावायचे, असंही तुमच्या पत्रात आहे. तयारी प्रस्तावाच्या बाजूने झाली की म्हणायचे, आता विरोधात बोल. आपल्याकडच्या वादविवादांत एका शाळेचा संघ बहुधा दोघांचा असतो. एक अनुकूल बोलतो, एक प्रतिकूल. ज्याच्याबरोबर डबा खाल्ला त्याचेच मुद्दे तासाभराने व्यासपीठावरून खोडायचे, खाली उतरून पुन्हा त्याच्याच शेजारी बसायचं आणि करंडक मिळाला तर दोघांनी मिळून घ्यायचा. हे ज्याला लहानपणी जमलं त्याला पुढं बरंच काही जमतं. मानपत्रात ‘भाषणे लिहून देत’ आणि ‘वादविवादाचे भाषण कधीही लिहून दिले नाही’ ही दोन्ही वाक्यं शेजारी-शेजारी ठेवा. काही समजावून सांगू नका. ऐकणारे समजतील, आणि सर तर नक्कीच समजतील.

आता त्या एसटीचं, जिच्यातून दहावीत तुमच्याऐवजी तो मुलगा जिल्ह्याच्या वादविवादाला गेला.

पत्रात तुम्ही गाडीची वेळसुद्धा लिहिली आहे, पहाटे पावणेसहा. हा प्रश्न मानपत्राचा आहे असं मला पहिल्या वाचनात वाटलं होतं. दुसऱ्यांदा वाचताना मी त्या ‘पावणेसहा’पाशी थांबले. तीस वर्षांहून जास्त काळ तुम्ही त्या फलाटावर उभ्या आहात.

एक विचारू? तो निर्णय सरांचाच होता, हे तुम्हाला नक्की कुठून कळलं? नव्वदच्या दशकातली तालुक्याची शाळा, बरोबर जायला बाई शिक्षिका नाही, परगावी रात्रीचा मुक्काम. मुख्याध्यापकांनी सही केली नसेल. तुमच्या वडिलांनी सरांना गाठून ‘नको’ म्हटलं असेल आणि मुलीसमोर घरच्यांना वाईट ठरवायला नको म्हणून सरांनी ते स्वतःवर घेतलं असेल. असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. कदाचित सरांनी खरंच फार विचार न करता मुलाचं नाव लिहिलं असेल. तेव्हा असं सर्रास व्हायचं, आजही होतं. पण वादविवाद शिकलेल्या मुलीने दुसरी बाजू न ऐकता निकाल दिला आहे, एवढं तुमच्या लक्षात आणून देते.

तेव्हा मानपत्र लिहायच्या आधी सरांकडे जा. एकट्याच जा. कार्यक्रमाचं काही बोलायला नाही, हे विचारायला. ‘सर, त्या वेळी मला का नेलं नाहीत?’ एवढंच. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला असं विचारावं का, म्हणून तुम्ही कचराल. हा प्रश्न त्यांना सत्काराच्या शालीपेक्षा जास्त आवडण्याची शक्यता आहे. विद्यार्थिनीने खुलासा मागितला, यापेक्षा वादविवादाच्या शिक्षकाला आणखी काय हवं? ते ‘चुकलो’ म्हणतील, किंवा तुम्हाला ठाऊक नसलेलं काही सांगतील, किंवा त्यांना आठवणारच नाही. तिसरं सगळ्यांत जिव्हारी लागेल, त्याची तयारी ठेवून जा.

मानपत्रात मात्र ही गोष्ट घालू नका. ती खोटी आहे किंवा झाकण्यासारखी आहे म्हणून हे सांगत नाही. मानपत्र सभेत वाचलं जातं आणि सत्कारमूर्तीला तिथं उलट उत्तर देता येत नाही. ज्यावर समोरच्याला बोलता येणार नाही असा मुद्दा मांडायचा नाही, हे तुम्हाला सरांनीच शिकवलं असणार.

‘मतभेद असलेल्या माणसाचा गौरव करणं म्हणजे ढोंग’ ही तुमच्या पत्रातली गृहीत बाजू मला पटत नाही. १९१५च्या फेब्रुवारीत गोखले गेले. टिळक आणि ते एकेकाळी एकाच डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिक्षक होते. नंतर दोघांचं इतकं फाटलं की १९०७ला सुरतेत काँग्रेसच दुभंगली. एकमेकांविरुद्ध त्यांनी जे लिहिलं-बोललं ते काही गुळमुळीत नव्हतं. गोखले गेल्याचं कळताच टिळक सिंहगडावरून पुण्याला आले आणि चितेसमोर बोलले. गोखल्यांना त्यांनी हिंदुस्थानचा हिरा आणि महाराष्ट्राचं रत्न म्हटलं, आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, यांच्याकडे पाहा आणि यांच्यासारखं व्हायचा प्रयत्न करा. दोघांतला वाद जमलेल्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होता, म्हणूनच त्या शब्दांना वजन आलं. तेच शब्द भक्ताने उच्चारले असते तर आज कुणाला आठवलेही नसते. थोडी दुखावलेली विद्यार्थिनीच चांगलं मानपत्र लिहू शकते, असं मला वाटतं ते याच कारणाने.

गोखल्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं, आणि ते पडणार हे त्यांना मत मांडतानाच माहीत होतं. आपण शिक्षकांना मोजतो ते करंडकांवर. तुमच्या सरांचे हरलेले संघ किती होते, आणि परतीच्या गाडीत सर काय बोलायचे, ते ग्रुपवर विचारून बघा. कपाटात नसलेला मजकूर मिळेल.

आता त्या अधिकारी वर्गमित्राबद्दल. ग्रुपमधल्या उत्साही मंडळींना आधी एक कोरडी माहिती द्या. सेवेत असलेल्या अधिकाऱ्याचा असा जाहीर सत्कार सहजासहजी करता येत नाही. भारतीय प्रशासन सेवा, पोलीस सेवा अशांतला असेल तर अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८ यांतला बारावा नियम, आणि केंद्राच्या इतर नागरी सेवांत असेल तर १९६४च्या नियमांतला चौदावा नियम लागू होतो. सरकारची पूर्वपरवानगी नसेल तर मानपत्र घेता येत नाही आणि स्वतःच्या गौरवासाठी भरवलेल्या सभेला जाताही येत नाही. निरोपासारखे घरगुती, अनौपचारिक समारंभ यातून वगळलेले आहेत. राज्याच्या सेवेत असेल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ पाहायला हवेत. पद्म पुरस्कारांतसुद्धा डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडले तर सेवेतल्या सरकारी नोकरांना वगळलेलं आहे. या नियमांमागे शहाणपण आहे. ज्याच्या सहीवर आपली कामं अडकलेली असतात त्याच्या गळ्यात हार घालणारा हात नेहमीच स्वच्छ असतो असं नाही.

सरांचा माजी विद्यार्थी म्हणून येणं ही वेगळी गोष्ट, पण तेही त्यालाच आधी विचारा. पत्रिकेत त्याचं नाव छापून मग कळवायचं, ही आपली लाडकी पद्धत त्याला अडचणीत आणेल. तो आला तर प्रेक्षकांत बसू द्या आणि इतरांसारखीच तीन मिनिटं द्या, घंटेसकट. खरा वादपटू असेल तर त्याला घंटेचाच आनंद जास्त होईल.

खरं तर ‘तो नसेल तर माणसं जमणार नाहीत’ या वाक्यातच माझ्या मते सगळी गफलत आहे. सरांचं मोठेपण सिद्ध करायला एक मोठा हुद्दा साक्षीला हवा, असं आपण धरून चाललो आहोत. तुमच्या बॅचमधून ग्रामसभेत उभं राहून खर्चाचा हिशेब मागणारं कुणी निघालं का? कुणी अंगणवाडी सेविका, जिच्या अर्जाची भाषा बघून तालुक्याचा साहेब दचकतो? तलाठी, मुख्याध्यापक, कामगार संघटनेचा पदाधिकारी? लोकसेवक हा शब्द आपण दिव्याच्या गाडीपुरता आखडून टाकलाय. त्यांना बोलवा. आणि बँकेच्या काउंटरवर रागावलेल्या पेन्शनरला शांतपणे मुद्दा समजावून देणाऱ्या एक बाई मला माहीत आहेत, त्या मानपत्र लिहिताहेत.

ज्यांना शिक्षक आणि लोकसेवक हे दोन्ही एका अंगात हवे असतील त्यांनी मधू दंडवत्यांकडे बघावं. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवायचे. १९७१ ते १९९१ अशी सलग वीस वर्षं ते राजापूरचे खासदार होते, आणि लोकसभेत मुद्देसूद बोलणारा माणूस म्हणून त्यांचा दरारा होता. पण कोकणात त्यांचं नाव काढा, लोक भाषणांबद्दल नंतर बोलतात. आधी बोलतात ते १९७७ नंतर रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर घातलेल्या दोन इंची फोमबद्दल. मला हे मानपत्राचं उत्तम व्याकरण वाटतं. ‘गोरगरिबांचे कैवारी’ म्हणायचं की ‘दुसऱ्या वर्गाच्या बाकावर गादी आणली’ म्हणायचं? दुसरं लिहा. सरांच्या बाबतीत त्या गादीच्या तोडीचं काय आहे ते शोधा. विषयाची चिठ्ठी उघडल्यावर घाबरलेल्या मुलाला ते काय सांगायचे? स्पर्धेच्या प्रवासखर्चाला पैसे कुठून आणायचे? अशी तीन-चार वाक्यं मिळाली की तुमचं मानपत्र झालं.

पुढाऱ्यांच्या सभागृहाला नम्रपणे नाही म्हणा. शाळेचं पटांगण आहे, संध्याकाळी ऊन नसतं. जेवणाऐवजी चहा आणि कांदेपोहे. यावर जास्त लिहीत नाही.

सरांच्या नकाराकडे मात्र नीट बघा. आपल्याकडे ‘नको’चे प्रकार असतात. एक ‘नको’ वाढलेल्या श्रीखंडाला म्हणायचा, तिसऱ्या आग्रहाला विरघळणारा. दुसरा खरा. तो कुठला आहे हे ग्रुपवर मतदान घेऊन कळत नाही, सरांच्या घरच्यांना विचारून कळतं. मी स्वतः एका सत्काराला गेले होते. तिथं प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचं स्वागत, पाहुण्यांचं मनोगत असं पावणेदोन तास चाललं. सत्कारमूर्ती उत्तराला उभे राहिले तेव्हा मागे मांडववाल्याने खुर्च्या उचलायला सुरुवात केली होती. आयुष्यभर मुलांना वेळेत बोलायला शिकवलेला माणूस चार वाक्यं बोलून खाली बसला. तुमच्या सरांनी असे दहा कार्यक्रम पाहिले असतील. त्यांचा नकार बहुधा त्या शालीला, नारळाला आणि लांबलेल्या आभारप्रदर्शनाला असावा.

म्हणून त्यांना वेगळंच काही विचारून बघा. ‘सर, सत्कार नाही. एक वादविवाद ठेवतोय, परीक्षक म्हणून येता का?’ शाळेतली सध्याची मुलं आणि तुमच्यासारखे जुने, अशा मिश्र जोड्या करा. एक अनुकूल, एक प्रतिकूल. विषय थोडा खोडकर ठेवा. ‘शिक्षकांचे जाहीर सत्कार बंद करावेत’ हा विषय सरांच्या समोर रंगेल. निकाल सर देतील, त्यावर जे बोलायचं ते बोलतील आणि मग तुम्ही तुमचं एक पानी मानपत्र वाचाल. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला जी संस्था चालवते तिचं नाव वक्तृत्वोत्तेजक सभा आहे. उत्तेजन द्यायला सुरू केलेलं काम दीडशे वर्षांनंतरही टिकलंय. बोलणाऱ्यांचा मान बोलण्यातूनच ठेवायची ही रीत आपल्या घरचीच आहे.

जमलेल्या पैशांचं काय, ते तुम्ही विचारलं नाहीत, पण ग्रुपवर विषय निघणारच. सोन्याची साखळी, चांदीची सरस्वती वगैरे. त्याऐवजी सरांच्या नावाने शाळेत कायम ठेव ठेवा, पण आकडेमोड करून. शाळांच्या भिंतीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ रु. ५०१ ठेव’ असे फलक मी पाहते. साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला साडेबत्तीस रुपये. त्यात आज बक्षिसाचं पेनही येत नाही. ग्रुपमध्ये तुम्ही १४० जण आहात. प्रत्येकी दीड हजार निघाले तर २,१०,००० होतात. त्याच दराने वर्षाला १३,६५० रुपये हातात येतील. दर पाच वर्षांनी थोडं व्याज मुद्दलात घालायचं, हे कराराच्या कागदातच लिहून घ्या. तुम्ही बँकेत आहात, हे मी तुम्हाला शिकवायला नको.

त्या व्याजातून आणखी एक करंडक घेऊ नका, कपाट भरलंय. ते पैसे मुलींच्या प्रवासाला ठेवा. परगावच्या स्पर्धेसाठी दोन मुली, बरोबर एक शिक्षिका, तिघींचं भाडं आणि मुक्काम. ठेवीला नाव सरांचं. मुलींच्याच प्रवासाला का, ते कागदावर लिहायची गरज नाही. सरांना ते घरी भेटाल तेव्हा सांगा, हो की नाही ते तेच ठरवतील.

आणि मानपत्र काचेच्या चौकटीत घालू नका, प्लॅस्टिकचं आवरणही नको. दिव्याखाली चकाकतं आणि म्हाताऱ्या डोळ्यांना एक ओळ दिसत नाही. साध्या जाड कागदावर, मोठ्या टायपात छापा. छापायला टाकण्याआधी शुद्धलेखन दोनदा तपासा, सर लाल पेन घेऊनच बसलेले असतील.